हाताचं वळण

कोल्हापूरहून रात्रभर महालक्ष्मी एक्स्प्रेसनं येऊन बोरीबंदरला उतरलं, की माणूस टॅक्सीकडं धावतो. यंदा भाची बरोबर होती, म्हणून थांबलो. ‘वर बघ,’ म्हटलं. दगडाला पानं फुटलेली, पानाआड पक्षी. या कोरीवकामाला जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचे हात लागलेत. बारावीनंतर ग्राफिक डिझाइन शिकायचं हे भाचीचं ठरलंय. कुठं, तेवढंच ठरत नाही. फी, जागा, प्लेसमेंट असा तक्ता तिनं वहीत आखलाय. त्या तक्त्यात या पानांना रकाना नव्हता.

स्टेशनापासून चार पावलांवर जेजेचं आवार. १८५७ सालची शाळा. कमर्शिअल आर्टचे वर्ग १९३५ मध्ये सुरू झाले आणि पुढं अप्लाइड आर्टची संस्था वेगळी झाली. बाहेर बसचे हॉर्न, आत जुन्या झाडांची सावली. इथं चार वर्षं काढणाऱ्याच्या डोळ्यांवर रोज काय काय पडत असेल! दुकानांच्या पाट्या, नाटकांच्या जाहिराती, लोकलच्या डब्यात चिकटवलेली पत्रकं. अर्धा अभ्यासक्रम फाटकाबाहेरच असणार.

भाचीचा ओढा अहमदाबादच्या एनआयडीकडं, राष्ट्रीय डिझाइन संस्थेकडं. त्या संस्थेचा उगमच लोभस आहे. चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन दांपत्य भारत हिंडलं आणि १९५८ च्या आपल्या अहवालात रेंगाळलं ते साध्या लोट्यापाशी. तो कमरेवर कसा बसतो, भरल्यावर तोल कुठं जातो, ओतताना धार कशी पडते, त्याचा नाद कसा. त्या अहवालातून १९६१ मध्ये एनआयडी उभी राहिली. लहानपणी ज्या फिरत्या खुणेकडं टक लावून आम्ही दूरदर्शन सुरू व्हायची वाट पाहत असू, ती तिथल्याच एका विद्यार्थ्यानं रेखाटलेली. पुढं कळलं, तो डोळा आहे. म्हणजे तोही आमच्याकडं बघत होता तर!

आणि पवईची आयआयटी? भाचीला खिशातली नवी नोट काढून दाखवली. वर शिरोरेषा, खाली तिला समांतर रेघ आणि दोन्हींना लगडलेला आपला र. तिथल्या आयडीसी या डिझाइन विभागात पीएच.डी. करणाऱ्या उदय कुमार यांचं हे रुपयाचं चिन्ह २०१० मध्ये देशानं स्वीकारलं. त्याच आयडीसीत र. कृ. जोशी शिकवत. विंडोजवर आपण वर्षानुवर्षं ज्या ‘मंगल’मध्ये मराठी वाचत आलो, तो टाइप त्यांचा. शिकले ते जेजेत.

‘मग कमल शेडगे कुठं शिकले?’ भाचीनं मला पेचात धरलं. मराठी नाटकांची शीर्षकं वाचायच्या आधी दिसली पाहिजेत, हे ज्यांनी दाखवून दिलं, ते शेडगे टाइम्सच्या कला विभागात काम करता करता घडले. आमच्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी स्वतःच्या चित्रपटांची पोस्टर्स स्वतः रंगवली, तीही कुठल्या पदवीविना. मग चार वर्षं आणि लाखांची फी कशासाठी?

मला वाटतं, सोबतीसाठी. अक्षराची एक वेलांटी दहांदा पुसून पुन्हा काढणारा वेडा एकटा पडला, तर घरचे त्याला नोकरीचं विचारतात. असे वीस वेडे एका वर्गात बसले, की तो अभ्यास होतो. शेडग्यांना ही सोबत वर्तमानपत्राच्या खोलीत मिळाली, बाबूरावांना स्टुडिओत. आजच्या मुलीला ती बहुधा कॉलेजातच शोधावी लागेल.

म्हणून भाचीला म्हटलं, तक्ता राहू दे, त्यात एक रकाना वाढव. जिथं जाशील तिथं मुलांच्या कामांचं प्रदर्शन बघ आणि त्यात मराठी शोध. बोधचिन्हं, वेष्टनं, पोस्टरं सगळी इंग्रजीतच असतील, तर नाव कितीही मोठं असो, तिथं तुझा हात अर्धाच शिकेल. उरलेला अर्धा शिकवणारं कॉलेज कदाचित तुझ्या यादीत खाली असेल. ते वर घ्यायला कचरू नकोस.