बाभळीचा काटा

एम. ए. ला असताना सुट्टीत भोकरदन पाहण्यासाठी मी जालन्याहून भाड्याच्या सायकलीने निघालो. आईने मजुरीतून पैसे दिले होते. राजूर ओलांडताच बाभळीचा काटा मागच्या चाकात शिरला. पंप घरीच राहिलेला! दोन कोस सायकल ढकलली. पंक्चर निघेपर्यंत दिवस कलला. केळनाकाठी 1973 साली उत्खनन झालेले ते प्राचीन भोगवर्धन न पाहताच परतलो. आईला खोटेच सांगितले, “पाहिले.” सांचीच्या दानलेखांत भोगवर्धनच्या दात्यांची नोंद आहे, तेवढा पल्ला त्यांनी कसा गाठला असेल, हा प्रश्न मला त्या पायपिटीतच पडला. पुढे भोकरदन अनेकदा पाहिले. तोवर आई उरली नव्हती. सहलीत माझ्या पिशवीतील पंपाला हसणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनो, कारण हे होते.