पाठमोरी बेथ

आमच्या घरातल्या ‘चौघीजणी’ला मुखपृष्ठ नव्हतं. नाना एसटीत कंडक्टर होते. नाशिकच्या मुक्कामात त्यांनी रद्दीच्या दुकानातून ते पुस्तक उचललं, तेव्हाच त्याची पहिली काही पानं गेलेली होती. त्यामुळे ते कुणी लिहिलं, मराठीत कुणी आणलं, हे आम्हाला कितीतरी दिवस ठाऊक नव्हतं. पानांच्या माथ्यावर बारीक अक्षरात ‘चौघीजणी’ छापलेलं होतं, तेवढीच त्याची ओळख. आत एकही चित्र नव्हतं.

धुळ्यात पत्ता सांगताना गल्लीचा नंबर सांगतात. अशाच एका नंबराच्या गल्लीत, दोन खोल्यांत आम्ही राहायचो. आई, आजी, ताई, मी आणि छोटी. नाना आठवड्यातले चार दिवस गाडीवर. वडील लांब लढाईवर गेलेत आणि आई मुलींना घेऊन घर ओढतेय, ही गोष्ट त्यामुळे आम्हाला परकी वाटलीच नाही. रात्री जेवणं झाली की ताई मोठ्याने वाचायची. आई दिव्याखाली ब्लाउजांना हुक लावत बसायची आणि मधेच हात थांबवून म्हणायची, “एवढं परत वाच गं.” ॲमीला शाळेत लिंबाच्या लोणच्यापायी हातावर छड्या बसतात, ते तर आम्ही किती वेळा वाचलं असेल! लोणच्यासाठी मार खाणारी मुलगी अमेरिकेत असूच कशी शकते, म्हणून छोटी पुन्हापुन्हा विचारायची.

आम्ही भूमिका वाटून घेतल्या होत्या. ताई मेग, मी ज्यो, छोटी ॲमी. बेथ कुणालाच नको होती. ती जाते ना. एकदा ताई छोटीला म्हणाली, “तू होतेस का बेथ?” तेव्हा आईने जोरात सुई ठेवली आणि “असले खेळ नकोत,” म्हणून पुस्तक मिटायला लावलं. त्यानंतर बेथची जागा रिकामीच राहिली.

छोटीने चित्रं काढायला घेतली तेव्हा ती आठ-नऊ वर्षांची होती. समासात, प्रकरण संपल्यावर उरलेल्या कोऱ्या जागेत, शिसपेन्सिलीने. आधी चोरून, मग सर्रास. आई रागावली नाही, याचं मला आजही नवल वाटतं. पुस्तकावर रेघ मारलेली तिला एरवी खपत नसे.

त्या चित्रांतल्या मुली परकर-पोलक्यात होत्या. शेकोटी नव्हती, आमची चूल होती आणि चुलीशेजारी आमचंच पितळी घंगाळ. पियानो छोटीने कधी पाहिलेला नव्हता, तिने पेटी काढली. ज्यो केस विकते त्या पानावर तर बोहारीण होती. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी, तीच केसही घेत असणार असं छोटीने ठरवून टाकलं होतं. ज्यो समोर उकिडवी बसलेली, एका हातात कापलेली वेणी, दुसऱ्या हातात स्टीलचं पातेलं, आणि ते पातेलं ती बोटाने टिचकी मारून पाहतेय. हे बारकावे कुठून आले? आमची आई बोहारणीकडून भांडं घेताना अशीच टिचकी मारायची.

बर्फाचं काय करायचं, हा मोठा प्रश्न होता. आमच्याकडे थंडी पडते, पण बर्फ म्हणजे गोळेवाल्याकडचा. मग छोटीने शेत काढलं. नानांबरोबर एसटीने जाताना दिवाळीनंतर रस्त्याच्या दोन्ही अंगांना दिसायचं तसं, बोंडं फुटून पांढरं झालेलं कापसाचं शेत. त्यातून चौघीजणी डोक्यावर डबे घेऊन शेजारच्या गरीब कुटुंबाला नाताळचा नाश्ता द्यायला निघालेल्या. डब्याच्या झाकणातून खापरावरच्या मांड्याची घडी बाहेर डोकावते.

आजीला वाचता येत नव्हतं. तिने एकदा पुस्तक हातात घेऊन पानं उलटली आणि विचारलं, “ह्या कोनन्या पोरी शेतस व माय?”

“आपल्याच शेतस,” छोटी म्हणाली.

आजीने मान हलवली. तिची खात्री पटली होती.

एकटी बेथ मात्र एकाच चित्रात होती, तीही पाठमोरी. पेटीपुढे बसलेली, एक वेणी पाठीवर, भाता ओढणारा डावा हात किंचित दिसणारा. मी छोटीला चिडवायची, की तुला तोंड काढता येत नाही म्हणून पाठ काढलीस. ती काही बोलायची नाही.

कॉलेजात गेल्यावर मला पुस्तकाचं मूळ कळलं. लुइसा मे अल्कॉट, ‘लिटल विमेन’, बॉस्टनच्या रॉबर्ट्स ब्रदर्सनी 1868 मध्ये काढलेलं. आणि मराठीत आणणाऱ्या शांता शेळके! ज्यांची गाणी रेडिओवर लागली की आई काम थांबवायची, त्यांचीच वाक्यं ती रात्रीही काम थांबवून ऐकत होती. मी घरी धावत येऊन सांगितलं. आई म्हणाली, “तरीच.” बाकी काही नाही. पण त्या ‘तरीच’मध्ये सगळं होतं. भाषांतर असून आमच्या घरात ते कधी भाषांतरासारखं वाजलंच नव्हतं.

लग्न होऊन मी जळगावला आले, शाळेत मराठी शिकवू लागले. पुस्तक हट्टाने माझ्याबरोबर आणलं. शिवण उसवली होती, पानं निखळत होती, म्हणून बांधणीला दिलं. आठ दिवसांनी छान रेक्झिनचं, कापडी पाठीचं पुस्तक हातात आलं. घरी येऊन उघडलं आणि पोटात खड्डा पडला. बांधणी झाली की पुस्तक यंत्राखाली धरून तिन्ही कडा सारख्या छाटतात, ही त्या कामाची रीतच. मी सांगितलं नव्हतं, बाइंडरने विचारलं नव्हतं. ज्योचा पातेलं धरलेला हात मनगटापासून गेला होता. बोहारणीचं अर्धं तोंड. कापसाच्या शेतातल्या चौथ्या मुलीचा डबा. पाठमोरी बेथ तेवढी वाचली होती, कारण ती समासात नव्हती. प्रकरणाखालच्या मोकळ्या जागेत, पानाच्या मध्यावर होती. दुसऱ्या दिवशी मी त्या दुकानात जाऊन कागदाच्या कातरणांच्या ढिगाकडे पाहत उभी राहिले. त्यातून काय सापडणार होतं? छोटीला मी हे कितीतरी वर्षं सांगितलं नाही.

जळगावात राहून एक गोष्ट मिळाली. शाळेसाठी गावाच्या इतिहासाचं टिपण करताना खानदेशच्या जुन्या गॅझेटियरमध्ये वाचलं, की अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात तिकडच्या दक्षिणेचा कापूस विलायतेला जायचा बंद पडला, आपल्याकडच्या कापसाचा भाव कडाडला आणि जळगाव कापसाची मोठी पेठ झालं. म्हणजे 1862 ते 65. मी तिथेच थांबले. चौघीजणींचे वडील गेलेत ते याच लढाईवर. खुद्द लुइसा 1862 च्या डिसेंबरात वॉशिंग्टनजवळ जॉर्जटाउनच्या लष्करी इस्पितळात परिचारिका म्हणून गेली, टायफॉइड घेऊन परतली. औषध म्हणून दिलेल्या पाऱ्याने आयुष्यभराची तब्येत बिघडली, असं ती स्वतः मानत होती. ती जखमी सैनिकांची अंगं पुसत होती त्या हिवाळ्यात इकडे बैलगाड्या भरभरून कापूस पेठेत येत होता. आमच्या छोटीने बर्फाच्या जागी कापूस काढला तेव्हा तिला यातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं.

2014 च्या सप्टेंबरात ताईच्या लेकीकडे बॉस्टनला गेले होते. तिने मला कॉन्कॉर्डला नेलं. ऑर्चर्ड हाउस म्हणजे तपकिरी फळ्यांचं, मोठ्या चिमण्यांचं घर. वरच्या मजल्यावर लुइसाच्या खोलीत दोन खिडक्यांच्या मधे भिंतीला जडवलेलं अर्धगोल मेज आहे, वडिलांनी करून दिलेलं. एवढंसं, आपल्याकडे देवाच्या समया ठेवायला करतात तेवढं. 1868 च्या उन्हाळ्यात अडीच-एक महिन्यांत पहिला भाग तिथे लिहून झाला. पण मी थबकले ती शेजारच्या खोलीत. ती मे अल्कॉटची खोली. सगळ्यांत धाकटी बहीण, पुस्तकातली ॲमी. खोलीच्या लाकडावर, भिंतींवर, पेन्सिलीने काढलेले चेहरे, आकृत्या. पोरीने घर रंगवून ठेवलंय आणि आईबापांनी पुसलेलं नाही! लुइसाच्या खोलीतही तिने काढलेलं घुबड आहे, फुलं आहेत.

पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीची चित्रं या मेनेच काढली होती. चार चित्रं. त्यांच्या प्रती मी तिथे पाहिल्या. एकात आई खुर्चीत, मुली तिच्याभोवती, ज्यो खुर्चीच्या मागे, बेथ पायाशी. अंगांची प्रमाणं चुकलीत, हात अवघडलेत, हे माझ्यासारखीलाही दिसतं. तेव्हाच्या समीक्षकांनी त्या चित्रांना सोडलं नाही. वर्षभरात दुसरा भाग निघाला तेव्हा चित्रं हॅमट बिलिंग्ज या नाणावलेल्या चित्रकाराकडे गेली. त्यातला शेजारचा लॉरी आणि ॲमी पाहून लुइसा वैतागली आणि तिने बदल मागितले. बिलिंग्जला हात अचूक येत होते, पण ती माणसं तिच्या घरातली नव्हती.

मेने मात्र टीका मनाला लावून पेन्सिल टाकली नाही. पुस्तकाच्या पैशांवर लुइसाने तिला युरोपात शिकायला पाठवलं. टर्नरच्या चित्रांच्या तिने केलेल्या नकलांचं समीक्षक रस्किनने कौतुक केलं. 1877 मध्ये तिचं चित्र पॅरिसच्या सलाँमध्ये लागलं. वॉशिंग्टनमधला लिंकनचा प्रचंड पुतळा ज्याने घडवला त्या डॅनियल चेस्टर फ्रेंचला मूर्तिकामाची पहिली हत्यारं दिली तीही मेनेच. नोव्हेंबर 1879 मध्ये तिला मुलगी झाली, लुइसाचंच नाव ठेवलं, आणि डिसेंबर संपता संपता ती बाळंतपणातच गेली. 1880 मध्ये ते तान्हं मूल समुद्र ओलांडून मावशीकडे आलं. आणि त्याच वर्षी पुस्तकाची देखणी, भरगच्च आवृत्ती निघाली. फ्रँक मेरिलची दोनशेच्या आसपास चित्रं. लुइसाला ती फार आवडली. मेची चित्रं त्यात नव्हती.

चित्रं बदलली तसा मजकूरही घासूनपुसून घेतला गेला. ज्योची रांगडी बोली सौम्य झाली. पहिल्या आवृत्तीत मुलींची आई अंगाने भरलेली होती, ती उंच झाली. हे मला खुपलं ते खुपलंच. आमची आई स्थूल होती. छोटीने तिला चुलीपुढे गोल काढलं होतं, पदर खोचलेली, आणि ते चित्र पाहून आई स्वतः हसली होती.

परतीच्या प्रवासात मला सारखी बहिणाबाई आठवत होती. जळगावात राहणाऱ्याला ती आठवतेच. गावातला चौधरी वाडा अजून उभा आहे. अक्षरओळख नसलेल्या त्या बाईची गाणी घरातल्या मुलांनी, सोपानदेव आणि त्याचा मावसभाऊ पितांबर यांनी, ऐकून कागदावर उतरवली. पुस्तक निघालं 1952 मध्ये, ती गेल्यानंतरच्या वर्षी. त्या वह्यांतलं अक्षर कसं होतं, वळणदार की वाकडं, याने काय फरक पडतो? जात्याजवळ कोण बसलं होतं, एवढाच प्रश्न आहे. मेच्या चित्रांबद्दल मला तेच म्हणायचंय. मेरिल कितीही चांगला असो. तो त्या शेकोटीपाशी कधी बसलेला नव्हता.

छोटी पुढे एलिमेंटरी, इंटरमिजिएट परीक्षा देऊन, ए.टी.डी. करून चित्रकलेची शिक्षिका झाली. नंदुरबारकडच्या शाळांत नोकरी करून ती आता निवृत्त आहे. गेल्या हिवाळ्यात आम्ही तिघी धुळ्याच्या घरी जमलो. आई आता नाही. मी पुस्तक बाहेर काढलं, आणि छाटलेल्या कडा छोटीपुढे उघडून धरल्या. सगळं सांगितलं.

तिने चष्मा वर सारून पानं जवळून पाहिली. रागावली नाही. म्हणाली, “खळ आहे का घरात?”

ताईने मैदा शिजवला. छोटीने जुन्या वहीतल्या कागदाच्या पट्ट्या कापल्या, पानाच्या कडेला बेताने डकवल्या आणि सुकल्यावर तुटलेल्या रेघेला टोक टेकवून पुढची रेघ सोडली. ज्योचं मनगट, मग तळवा, मग पातेलं. टिचकी मारणारं बोट तर तिने न थांबता काढलं. बोहारणीचं उरलेलं तोंड काढताना नथ कोणत्या बाजूला होती यावर ताईचं नि तिचं वाजलं. चौथ्या मुलीच्या डोक्यावर डबा आला.

मी बेथचं पान उघडलं आणि इतक्या वर्षांनी पुन्हा विचारलं, की हिची पाठच का काढलीस?

“समोरून काढली असती तर कुणासारखी तरी दिसली असती ना,” ती म्हणाली. “ताईसारखी, नाहीतर तुझ्यासारखी.”

ताई मोरीकडे वळली, खळीचं भांडं विसळायला. छोटीने बेथवरची धूळ करंगळीने झटकली, पेन्सिल न लावता पान उलटलं. पुस्तक आता कपाटात नीट मावत नाही. पट्ट्या बोटभर बाहेर येतात, म्हणून मी ते आडवं ठेवते.