निळा भात आणि भाजलेलं खोबरं

क्वालालंपूरचे मनोरे आणि मॉल बघायचे नाहीत, हे आईने निघण्याआधीच बजावलं होतं. तिला गाव बघायचा होता, तोही माडांतला. म्हणून आम्ही मलेशियाच्या द्वीपकल्पाच्या ईशान्य टोकाला, थायलंडच्या सीमेला खेटलेल्या केलांतान राज्यात गेलो. कोता भारू ही तिथली राजधानी. तिच्या पुढे तुंपात. पूर्व किनाऱ्याची रेल्वे इथे येऊन संपते. केलांतान नदी समुद्राला मिळते तो हा मुलूख. खाड्या, भातशेती, वाळू आणि नजर जाईल तिथे माड. आई मालवणची. गाडीच्या खिडकीतून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “ह्यो काय परदेश वाटना नाय गो माका.”

ज्या घरी उतरलो ते खांबांवर उभं होतं, माणूस वाकून खालून पलीकडे जाईल इतकं उंच. खाली सायकली, नारळांचा ढीग, कोंबड्या. जिन्याच्या पायथ्याशी पाण्याचा रांजण. चपला खालीच काढायच्या, पाय धुवायचे आणि वर चढायचं. वर आधी सेरांबी, म्हणजे आपली पडवी. मग रुमाह इबू, घराचं मुख्य दालन. आणि मागे एक पायरी उतरून स्वयंपाकघर. घरच्या बाईंना आम्ही पहिल्या दिवसापासून ‘मक चिक’ म्हणू लागलो आणि त्यांच्या यजमानांना ‘पाक चिक’. गावात त्या वयाच्या माणसांना सगळे असंच मावशी-काका करतात, नावाने कुणी हाक मारत नाही. आईला हे फार बरं वाटलं. मक चिकने आईचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले, मग स्वतःचा हात छातीशी नेला आणि तिला सरळ चुलीकडे घेऊन गेली. त्यांची लेक शाळेत शिकवते, तिला इंग्रजी येतं. अडलं की ती मदतीला असे, पण त्या दोघींचं फारसं अडलं नाही.

गावात कुणाच्या घरी असं पाहुणा म्हणून राहण्याची, म्हणजे होमस्टेची, योजना मलेशियात सरकारनेच आखली. 1995 साली पाहांग राज्यातल्या तेमेर्लोहजवळच्या देसा मुर्नी इथून तिची सुरुवात झाली. अट एकच, पण मोठी: पाहुणा घरच्यांसोबत त्याच छपराखाली राहील आणि ते जेवतील तेच जेवेल. आता अख्खा बंगला भाड्याने देणारेही दारावर ‘होमस्टे’चीच पाटी लावतात, पण नोंदणी झालेल्या घरांमध्ये ही अट पाळली जाते. पाहुणा कुणाकडे उतरणार हे गावाची समिती ठरवते, म्हणजे एकाच घराची चलती होऊन शेजारी कोरडा राहत नाही. मला हे फार मोलाचं वाटतं. सिंधुदुर्ग 1997 साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला तेव्हापासून आमच्याकडचं बदलणं मी बघत आले आहे. माडीवर टाइल्स लावलेल्या खोल्या, एसी, आणि पाहुण्याने तोंड उघडण्याआधी “पनीर चलेल मां?” अशी विचारणा. पाहुण्याला आपलं घर आवडणार नाही, अशी भीती त्यामागे असते. मक चिकच्या घरात ती भीती कुठेही नव्हती. फ्रिज होता, गॅस होता, नातवंडांच्या हातात मोबाइल होते, आणि सकाळी समोर आला तो निळा भात.

त्या भाताला नासी केराबू म्हणतात. निळा रंग गोकर्णीच्या फुलांचा. आपण ती देवाला वाहतो. तिथे ती पाण्यात कुस्करून, गाळून, त्या पाण्यात तांदूळ शिजवतात. कुंपणावर वेल असतोच, सकाळी मूठभर फुलं तोडली की झालं. भात नुसता निळा, चवीला साधाच. खरी करामत त्याच्या भोवती मांडलेल्या जिनसांची: बारीक चिरलेली कच्ची चवळीची शेंग, मोड आलेले मूग, चिरलेला झणझणीत पाला, आल्याच्या कुळातल्या एका गुलाबी फुलाच्या पातळ चकत्या, खारवलेलं अंडं, तळलेला मासा, आणि सोलोक लादा. ही म्हणजे लांब हिरवी मिरची. तिचं पोट फाडून त्यात मासा आणि ओल्या खोबऱ्याचं सारण भरतात आणि नारळाच्या रसात शिजवतात. सगळ्यावर काळपट, दाट बुदूची धार. बुदू म्हणजे मिठात महिनोन्‌महिने मुरवलेल्या बारीक माशांचा अर्क. वास उग्र. सुकं बाजारातून पारखून आणणाऱ्या माझ्या आईने तो बोटावर घेऊन चाखला आणि बाटली आपल्या पानाजवळ ओढली. भात कालवताना यातली प्रत्येक गोष्ट घासात यायला हवी. उजव्या हाताने, मांडी घालून, जमिनीवर बसून जेवायचं. चमचा कुणी मागितला नाही आणि दिलाही नाही.

त्या पानात आणखी एक पूड होती, तपकिरी आणि तेलकट. ती कशी करतात हे आईला बघायचंच होतं. दुपारी मक चिक कुकुरानवर बसली. बुटका लाकडी पाट आणि पुढे बाहेर आलेली दातेरी लोखंडी जीभ. आमच्या घरचा आडाळोच तो, फक्त विळीचं पातं नाही. करवंटी फिरत होती आणि खालच्या ताटात पांढरा चव पडत होता. बाजारात मशिनवर खवलेला नारळ मिळतो, रोजच्याला तीही तोच आणते. पण केरिसिक करायचं असेल तर घरीच खवते, कारण करवंटीजवळचा काळा भाग त्यात आलेला तिला चालत नाही. मग कढई. तेलाचा थेंब नाही. मंद आच आणि हात थांबवायचा नाही. आधी ओल्या खोबऱ्याची वाफ आली, मग वास बदलला, मग रंग. आई शेजारी उभी. एका क्षणी तिने हात पुढे करून गॅस बारीक केला. मक चिकने तिच्याकडे बघितलं आणि उलथणं तिच्याच हातात दिलं. खोबरं भाजणारी बाई ओळखायला तिला तेवढं पुरलं. भाजलेलं खोबरं गरम असतानाच दगडी उखळात घालून कुटायचं. थंड झालं की तेल सुटत नाही. दोघींनी आळीपाळीने मुसळ धरलं. कोरडी पूड हळूहळू ओली झाली, मग गोळा झाला, मग कडेने तेल चकाकू लागलं. “अगो, ह्या तर आपलाच वाटप,” आई म्हणाली, “फकत कांदो नाय.” खरंच, कांदा आणि धणे-मिरी वगळली तर मटणाच्या रश्श्याला घालायचं आमचं वाटप याच वाटेने जातं. आमच्याकडे ते पाट्यावर पाणी घालून वाटतात. इथे पाण्याचा शिपका नाही, म्हणून केरिसिक भरणीत टिकतं.

रात्री सिंगांग होतं: माशाचं पातळ, बिनतेलाचं कालवण, हळद, लसूण, कुळिंजन आणि आंबटपणाला वाळवलेल्या फळाच्या काप-काप चकत्या. हे फळ आपल्या कोकमाच्याच कुळातलं, फक्त मोठं आणि भोपळ्यासारखं खाचांचं. त्यात नारळाचा रस घातला असता तर मी डोळे मिटून मालवण म्हटलं असतं. आईने दोनदा वाढून घेतलं.

शेजारच्या घरात चटया विणल्या जात. चटई मेंकुआंगच्या पानांची. मेंकुआंग म्हणजे केवड्याचाच एक भाऊबंद. आपण केवडा ओळखतो तो गणपतीतल्या कणसाच्या वासाने. त्याची पानं कुणी हातात घेत नाही, कारण दोन्ही कडांना आणि मधल्या शिरेला करवतीसारखे काटे. इथे सगळं काम त्या पानांचंच. काटे सोलून काढतात, पान विस्तवावर फिरवून नरम करतात, मग जांका नावाच्या हत्याराने त्याच्या पट्ट्या पाडतात. जांका म्हणजे लाकडाच्या मुठीत ठरावीक अंतरावर बसवलेली पाती. पानावरून एकदा ओढलं की सगळ्या पट्ट्या सारख्या रुंदीच्या. त्या काही दिवस पाण्यात भिजवायच्या, हिरवटपणा गेला की उन्हात वाळवायच्या, रंगवायच्या असतील तर रंगाच्या पाण्यात उकळायच्या, आणि शेवटी बांबूच्या कांबीखालून एकेक पट्टी ओढून गुळगुळीत करायची. इतकं झाल्यावर विणकामाला सुरुवात.

विणणारी आजी सत्तरीच्या पुढची होती. पाय पसरून बसे आणि विणलेला भाग पायाखाली दाबून धरी. वीण तिरपी चालते, कोपऱ्यातून कोपऱ्याकडे. दोन पट्ट्या उचलायच्या, दोन दाबायच्या, पुढच्या ओळीत एक सरकायचं. तिची बोटं हे न बघता करत आणि तोंडाने लेकीशी भांडण चालू असे. मला तिने हातभर रुंदीची चटई करायला बसवलं. माझी वीण सैल पडली की ती बोलत नसे. बोटाने पट्टी मागे रेटून घट्ट करे आणि पुढे जाऊ दे म्हणून मान हलवी. एका झोपायच्या चटईला किती दिवस लागतात असं विचारलं तर म्हणाली, पान कधी कापलं तिथून मोजायचं की विणायला बसले तिथून? या हिशेबाने बघितलं तर बाजारात तिच्या चटईला मिळणारा भाव फार कमी आहे, आणि प्लास्टिकची रंगीत चटई त्याहून स्वस्त. तरीही गावात लग्न असलं, मयत असली, नमाजासाठी माणसं जमली की तिच्याच चटया पसरतात. पहाटे सुरावमधून, म्हणजे गावातल्या छोट्या मशिदीतून, बांग झाली की पाक चिक उठून तिकडे जात. आई त्याच वेळी जपाला बसते हे मक चिकने हेरलं आणि दुसऱ्या दिवसापासून सेरांबीच्या कोपऱ्यात एक नवी कोरी चटई अंथरलेली दिसू लागली. तिने विचारलं नाही, सांगितलंही नाही.

पाक चिक वाऊ करतात. वाऊ म्हणजे पतंग, पण माणसाहून मोठा. त्यातला वाऊ बुलान केलांतानचा मानाचा. शेपटीकडचा भाग चंद्रकोरीसारखा म्हणून हे नाव. मलेशियाच्या जुन्या 50 सेनच्या नाण्यावर वाऊच होता. बांबू चिरून, तासून, तोलून घ्यायचा. डावी-उजवी बाजू रेसभर जड झाली तर पतंग गोता खातो, म्हणून सांगाडा दोऱ्यावर टांगून पुन्हा पुन्हा तोलतात. मग चकचकीत रंगीत कागदातून कोरलेल्या वेलबुट्ट्या थरावर थर चिकटवायच्या. डोक्यावर एक धनुकली बांधतात. तिला ताणलेली पानाची पट्टी वाऱ्यावर गुणगुणते. भात कापून शेतं मोकळी झाली की हे पतंग चढवतात.

कोता भारूला आम्ही धावती भेट दिली. सीती खदिजा बाजारात जवळजवळ सगळ्या गाळ्यांवर बायकाच. पनांबांग या गावात सोंकेट विणताना पाहिलं, रेशमात जरीचा जादा बाणा घालून उठवलेली फुलं. 2021 साली युनेस्कोने या विणकामाला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. आणि रात्री वायांग कुलित, चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ. पडद्यामागे एकटा दालांग सगळ्या पात्रांचे आवाज काढतो. कथा सेरी रामाची. सीती देवी, रावण, हनुमान, सगळे आले. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकरांच्या घरी चामड्याच्या बाहुल्या मी लहानपणी पाहिल्या आहेत. त्या कलेला प्रेक्षक मिळावा म्हणून तिथली माणसं जी धडपड करतात तीच धडपड मला या दालांगच्या खेळानंतरच्या बोलण्यात ऐकू आली.

घराबद्दल पाक चिकने एक गोष्ट सांगितली. जुन्या घरांत खिळा मारत नाहीत, सांधे खाचेत बसवून लाकडी खुंट्या ठोकतात. खांबही पुरत नाहीत, ठोकळ्यांवर टेकवतात. त्यामुळे जागा बदलायची झाली की गाव जमतो, बांबू बांधतो आणि घर खांद्यावर उचलून नेतो. तरुणपणी त्यांनी असा खांदा दिला होता. डिसेंबर 2014 च्या महापुरात केलांतान बुडालं तेव्हा पाणी कुठवर आलं होतं, ती जिन्याची पायरीही त्यांनी दाखवली. दाखवली ती अंगठ्याने. तर्जनी रोखणं तिथे असभ्य समजतात.

आमच्या मुक्कामातच गावात एक लग्न निघालं. केंदुरीच्या, म्हणजे गावजेवणाच्या, आदल्या दिवशी अंगणात भली मोठी कढई चढली आणि दोदोल ढवळायला माणसं जमली. नारळाचा दाट रस, माडाचा गूळ आणि चिकट तांदळाचं पीठ. गोव्यात नाताळला करतात तोच हा पदार्थ, तिथेही नावाने दोदोल. 1510 मध्ये गोवा आणि 1511 मध्ये मलाका जिंकणारा पोर्तुगीज एकच, आफोन्सु द आल्बुकर्क. पुढे शतकभराहून अधिक काळ या दोन बंदरांत जहाजं ये-जा करत होती. कढईत वल्ह्याएवढा लाकडी दांडा सकाळपासून फिरत होता. तळ लागू द्यायचा नाही, म्हणून दांडा एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाताना जमिनीला टेकत नाही. दुपारनंतर मिश्रण इतकं जड झालं की दांड्याला दोन माणसं लागली. आई ओळीत उभी राहिली. पाहुणी म्हणून कुणी तिला बाजूला बसवलं नाही. पाळी आली तेव्हा दांडा दिला आणि हात दमले तेव्हा काढून घेतला. मला नारळ पिळायला बसवलं.

झालं का, हे कसं ओळखायचं, ते आईने मक चिकच्या लेकीकडून विचारून घेतलं. बोट लावून चिकटलं नाही आणि कडेला तेल सुटलं की झालं. गूळ कोणता, तेही तिने विचारलं. येत्या उन्हाळ्यात वेंगुर्ल्याच्या बाजारात माडाचा गूळ मिळतो का ते बघायचं तिने तिथेच ठरवलं. संध्याकाळी दोदोल थाळ्यांत ओतला. ढवळायला आलेल्या प्रत्येक घराचा वाटा पडला, त्यात आमच्या नावाचाही होता, मक चिकच्या वाट्यापासून वेगळा.