श्रीवर्धनची जादा गाडी

गणपतीला श्रीवर्धन गाठायचं आहे ना? मग नारळ-गूळ नंतर, आधी गाडीचं बघा!

नेहमीच्या एसटी भरल्या, की महामंडळ दुसऱ्या जिल्ह्यांतल्या आगारांतून गाड्या आणि चालक मुंबईला आणतं व ‘जादा’ म्हणून कोकणात सोडतं. चाळीतल्या साऱ्याजणींनी मिळून गट आरक्षण करून अख्खी गाडीच ठरवली, तर ती थेट गावात जाते. १७ मार्च २०२३ पासून एसटीत आपल्याला तिकीटही निम्मं झालं.

खरी गोम परतीची. आधीच्या दिवसांत जादा गाड्या येताना गच्च, मुंबईकडे वळताना रिकाम्या. गौरी-गणपती बोळवले की उलटं, सारा गाव एकदमच निघतो! मी एकदा फक्त जायचंच आरक्षण केलं होतं. परतताना कडेवर पोर, हातात रोठा सुपारीची पिशवी, अशी माणगावपर्यंत उभी आले. तेव्हा दोन्ही तिकिटं बरोबरच काढा, बाई.

म्हसळा मागे पडलं की डुलक्या काढू नका. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने आडव्या केलेल्या वाड्यांत पुन्हा लावलेली सुपारी दिसेल. बाळाजी विश्वनाथांच्या या गावात उतरलात की लक्ष्मीनारायणाचं दर्शन मात्र सवडीने घ्या. आधी घर गाठा, सासूबाई मोदकांसाठी खोळंबल्या असतील!