वावरातला वाडा

खडकवासल्यातली जुनी माणसं वय सांगताना पुराचा हिशेब लावत. 12 जुलै 1961 ला पानशेत आणि खडकवासला ही दोन्ही धरणं फुटली. तिथला एक शेतकरी जन्मला त्यानंतर.

भात निघालं की त्याच्या वडिलांच्या वावरात धनगरांचा वाडा, म्हणजे त्यांचा फिरता मुक्काम, उतरे. घोड्यांवर संसार, मागे दख्खनी मेंढरं, पोत्याच्या झोळीत नुकतं जन्मलेलं कोकरू. रात्रभर मेंढरं एका तुकड्यात बसवायची, दुसऱ्या रात्री शेजारच्या. लेंडी-मूत पडे तिथेच मुरे. खत वाहायला गाडी नको, पसरायला मजूर नको. धनगराला त्याबद्दल धान्य मिळे. जमिनीची एवढी सोय इतक्या कमी खटाटोपात दुसऱ्या कुणी केल्याचं त्याने पाहिलं नाही.

पुढे गोठ्यात संकरित गाय आली. मणिभाई देसाईंनी 1967 साली उरुळी कांचनला ‘बाएफ’ ही संस्था सुरू केली होती आणि तिच्या कृत्रिम रेतनामुळे अशा गाई गावोगाव पोचल्या. दुधावर पोरांची शिक्षणं झाली, हे तो कृतज्ञतेने सांगतो. पण गाय दावणीला बांधली की तिचं सगळं माणसावर येतं : हिरवी वैरण, कडबा, पेंड, भरपूर पाणी. शिवाय वर्षाला एक वेत हवं, तर व्याल्यावर तीनेक महिन्यांत ती पुन्हा गाभण राहायला हवी. माज ओळखायचा राहिला, की पुढचे 21 दिवस नुसतं पोसायचं. मेंढी पाच महिन्यांत विते आणि चाऱ्यापर्यंत स्वतः चालत जाते.

दख्खनी मेंढी बहुधा एकच कोकरू देते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातल्या गारोल मेंढीचं जुळी देणारं जनुक दख्खनीत आणून ‘नारी सुवर्णा’ तयार केली. हे काम त्याला फार मोलाचं वाटतं. मात्र जुळ्यांना वेळेवर चीक आणि पुरेसं दूध मिळायचं, तर आईला खुराक हवा; रोज मुक्काम हलवणाऱ्या वाड्यावर तो जमवणं अवघड. ही मेंढी एका जागी राहणाऱ्याने आधी पाळावी, असं त्याचं मत.

2021 साली गाव पुणे महापालिकेत गेलं. आसपासच्या वावरांवर इमारती चढल्या, चरायच्या वाटा कुंपणात गेल्या. तरी वाडा जवळपास आल्याचं कळलं, की तो फोन करून बोलावतो. कळप पहाटे, गाड्या वाढायच्या आत, रस्त्यापलीकडे काढावा लागतो; तेव्हा तो स्वतः हात करून वाहनं थांबवतो. मेंढरं बसवण्याचा मोबदला आता रोख ठरतो, आणि त्यात तो घासाघीस करत नाही.