विजेची वहिवाट

मुलाने आणि सुनेने विजेवर चालणारी मोटार घेतली, आणि हिरव्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत एमएच 05 हा कल्याणच्या परिवहन कार्यालयाचा क्रमांक घेऊन ती आमच्या बदलापूरच्या सोसायटीच्या फाटकातून आत आली, तेव्हापासून शेजारीपाजारी मला तिच्या किमतीविषयी, वेगाविषयी आणि बॅटरीच्या आयुर्मानाविषयी विचारीत असतात. मी यथामति उत्तरे देते. माझे मन मात्र वाहनापाशी न थांबता तिला चालविणाऱ्या शक्तीकडे धाव घेते, कारण अंबरनाथ, उल्हासनगर आणि बदलापूर या एकाच लोहमार्गावरील तीन गावांत माझे बालपण, माझा संसार आणि माझा निवृत्तिकाळ अनुक्रमे गेला, आणि या तिन्ही ठिकाणी विजेचा माझ्या घराशी असलेला संबंध अगदी निरनिराळा होता.

अंबरनाथला वडील विम्कोच्या काडेपेटीच्या कारखान्यात नोकरीस होते आणि आम्ही एका बैठ्या चाळीत राहत होतो. चाळीत वीज नव्हती. दिवेलागणीपूर्वी कंदिलाची काच राखेने पुसणे, वातीचे टोक कातरून सारखे करणे आणि रेशनवर मिळालेले रॉकेल पुढच्या वाटपापर्यंत पुरेल अशी तजवीज ठेवणे ही कामे आईने माझ्याकडे सोपविली होती. ज्या ओट्यावर बसून मी ती काच पुशी, त्याच ओट्यावरून समोर दिसणाऱ्या रुळांवर मात्र विजेच्या गाड्या माझ्या जन्माच्या कितीतरी आधीपासून धावत होत्या. 3 फेब्रुवारी 1925 रोजी बोरीबंदरहून कुर्ल्यास देशातील पहिली विजेची गाडी गेली, 1930 उजाडण्यापूर्वी जीआयपी रेल्वे कंपनीने कल्याणहून घाट चढून पुण्यापर्यंत तारा नेल्या, आणि 1 जून 1930 पासून डेक्कन क्वीन आमच्या गावावरून जाऊ लागली. 1500 व्होल्टचा तो प्रवाह डोक्यावरून अहोरात्र वाहत असता त्याचा अंशही आमच्या घरात नसावा, याचे त्या वयात मला काही विशेष वाटत नसे. वीज सरकारची, कारखान्याची आणि रेल्वेची, रॉकेल आपले, अशी वाटणी जणू कोणी दप्तरी नोंदवून ठेवली होती आणि आम्ही ती मान्य केली होती.

माझे मामा कल्याणच्या लोकोशेडमध्ये होते, आणि रविवारी ते आले म्हणजे घाटातल्या इंजिनांच्या गोष्टी सांगत. दोन्ही बाजूंना लांबट नाक असलेली, आडव्या दांड्यांनी चाके फिरविणारी ती मालगाडीची इंजिने 1920 च्या दशकाच्या अखेरीस स्वित्झर्लंडच्या धर्तीवर बनविली गेली होती आणि रेल्वेचे कामगार त्यांना खेकडा म्हणत. मामा सांगत की बोरघाट उतरताना त्या इंजिनाच्या मोटारीच उलट जनित्र बनतात, गाडीच्या भाराने वीज उत्पन्न होते आणि ती वरच्या तारेत परत जाते. चढताना घेतलेले कर्ज उतरताना काही अंशी फेडले जाते, हे ऐकून वडील नुसते मान हलवीत. मला ते खरे वाटत नसे. या गोष्टीकडे मी पुढे येणारच आहे.

लग्नानंतर मी उल्हासनगरला, कॅम्प नंबर चारमध्ये आले. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ उभारलेल्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची कुटुंबे येऊन राहिली, आणि 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले, हा इतिहास मी शाळेत मुलांना शिकवीत असे. परंतु त्या गावाचे खरे शिक्षण मला गल्लीने दिले. घरोघरी शिलाईयंत्रे, कुठे कातकाम, कुठे लाकडाचे रंधकाम, आणि सायंकाळी साऱ्या मोटारी एकदम चालू झाल्या म्हणजे आमच्या स्वयंपाकघरातला दिवा लालसर होऊन जाई. वीज घरात आली होती, पण ती पुरी पडत नव्हती. शेजारच्या सिंधी भाभींच्या घरी गल्लीतला पहिला फ्रिज आला, आणि माझा मुलगा तान्हा असताना त्याचे दूध व औषध त्यांच्या फ्रिजमध्ये राहत असे. आमच्या बाजूची फेज गेली की त्या आपल्या खिडकीतून एक वायर आमच्या खिडकीत टाकीत, आणि त्याचा मोबदला घेण्याचा विषयही त्यांनी कधी निघू दिला नाही. पुढे भारनियमनाची वर्षे आली, दुकानादुकानापुढे जनरेटर उभे राहिले, आणि डिझेलचा धूर व कर्कश आवाज यांत दहावीची मुले मेणबत्तीपुढे बसून परीक्षेची तयारी करीत. त्या मुलांचे घामेजलेले चेहरे मला आजही आठवतात, आणि विजेविषयी कोणी बेफिकिरीने बोलू लागले की माझ्याच्याने ऐकवत नाही.

निवृत्तीनंतर आम्ही बदलापूरला आलो. मुलगा पहाटेच्या लोकलने मुंबई गाठतो, सून अंबरनाथच्या आनंदनगर औद्योगिक वसाहतीत नोकरी करते, आणि नात कात्रपच्या पलीकडच्या शाळेत जाते. मोटार घेण्याचे कारण सुनेची ही रोजची ये-जा होते. दररोजचे अंतर थोडे, मुक्काम रात्री स्वतःच्या घरी, म्हणून विजेची गाडी सोयीची, असा हिशेब तिनेच कागदावर मांडून आम्हांस दाखविला. टाटांची ही टियागो लहान आहे; तिच्या बॅटरीत 24 युनिट वीज मावते आणि आमच्या खड्ड्याखुड्ड्यांच्या रस्त्यावर एका युनिटात सात-आठ किलोमीटर अंतर कापले जाते.

गाडी घेणे त्या मानाने सोपे होते. तिला वीज देणे हा खरा प्रश्न होता. सोसायटीकडे ना-हरकत दाखल्यासाठी अर्ज केला, तो सर्वसाधारण सभेपुढे आला, आणि सभेत जे प्रश्न निघाले ते सर्वस्वी योग्य होते असे माझे मत आहे. सामाईक मीटरवर एका घराचा भार का पडावा, जुन्या वायरिंगला तो सोसेल काय, आग लागल्यास जबाबदारी कोणाची, पार्किंगच्या भिंतीवरून केबल नेण्याचा हक्क कोणाचा, अशी विचारपूस झाली. मुलाने महावितरणकडून स्वतंत्र मीटर घेण्याचे, केबल लोखंडी नळीतून नेण्याचे आणि खर्च स्वतः करण्याचे लेखी दिले, तेव्हा ठराव मंजूर झाला. इलेक्ट्रिशियनने अर्थिंगसाठी जमिनीत खड्डा खणून त्यात कोळसा आणि मीठ घातले, पंधरा अँपिअरचा पॉइंट बसविला, आणि त्या रात्री नात अभ्यास सोडून खाली धावली व गाडीच्या पडद्यावर टक्के चढताना पाहत उभी राहिली. आता दोन-तीन दिवसांआड रात्री जेवणे झाल्यावर सून गाडीला चार्जिंगची गन लावते आणि सकाळी काढते. भाजीच्या वहीच्या मागच्या पानांवर मी मीटरचे आकडे लिहून ठेवते; ते काम मी मागून घेतले आहे.

या वाहनाने घरात जे बदल घडविले ते बाहेरून पाहणाऱ्यास लहान वाटतील. पेट्रोलपंपावर जाणे थांबले. उद्या कुणाला कुठे जायचे आहे याची चर्चा रात्रीच्या जेवणाच्या वेळी होऊ लागली, कारण गाडी लावायची की नाही हे त्यावर ठरते. आणि चार माणसे चार वेळापत्रके घेऊन वावरणाऱ्या घरात ही चर्चा होणे मला फार मोलाचे वाटते. महाशिवरात्रीला आम्ही अंबरनाथच्या शिवमंदिराच्या दर्शनास गेलो. शके 982, म्हणजे इसवी सन 1060 मधील शिलाहार राजा माम्वाणी याच्या काळचा शिलालेख असलेले ते देवालय. लहानपणी ज्या वाटेने वडिलांचे बोट धरून चालत गेले होते तीवर नातीने गाडीचा आवाज येत नाही म्हणून पुढच्या माणसांना हाक घालून सावध केले.

आणि मग पुण्यास जाण्याचा प्रसंग आला. वांगणी, नेरळ, कर्जत करीत खोपोलीच्या रस्त्याने आम्ही गेलो. कर्जतजवळ भिवपुरीचे 1922 चे वीजगृह, पुढे खोपोलीचे 1915 चे. सह्याद्रीच्या माथ्यावर तळी बांधून ते पाणी सुमारे 1700 फूट खाली सोडायचे आणि त्या पतनातून वीज निर्माण करायची, ही टाटांची योजना याच डोंगरात साकार झाली आणि मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळाली. घाट चढताना बॅटरीचे टक्के झपाट्याने उतरले, मुलगा गंभीर झाला, नात मोठ्याने आकडे वाचू लागली. परतीच्या वाटेवर खंडाळ्याहून उतरताना सुनेने पाय उचलला तेव्हा पडद्यावरील बाण उलट फिरला आणि चाकांकडून वीज बॅटरीत येऊ लागली. पायथ्याशी पोहोचेपर्यंत टक्के थोडे वाढलेले होते. मामांचे बोलणे अक्षरशः खरे होते. उंचावरचे पाणी जे करते, खेकडा इंजिन जे करीत असे, तेच आमची ही लहानशी गाडी करीत होती, आणि ज्याला जग नवे म्हणून नावाजते त्याची वहिवाट या घाटात जवळजवळ शंभर वर्षांची आहे, हे तेथे बसल्याबसल्या मला प्रथमच कळले.

परंतु या घाटाच्या विजेला दुसरीही बाजू आहे आणि ती सांगितल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. मुळशीच्या धरणासाठी मावळातील शेतकऱ्यांच्या भातजमिनी पाण्याखाली जाणार म्हणून 1921 साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. धरण तरीही झाले, आणि त्या पाण्यावर भिरा येथे वीज निघू लागली. आज आपल्या घरी येणाऱ्या विजेचा मोठा भाग कोळशाचा आहे. एकट्या चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता 2920 मेगावॉट आहे, आणि आमच्या गल्लीत धूर झाला नाही तरी तेथील लोकांच्या छपरांवर राख पडते. म्हणून विजेची गाडी घेतली की आपण निष्पाप झालो असे मी मानीत नाही. तथापि उल्हासनगरच्या जनरेटरांचा धूर ज्याने वर्षानुवर्षे छातीत घेतला आहे त्याला बालकांच्या श्वासाच्या उंचीवर होणारा धूर थांबणे ही गोष्ट क्षुल्लक वाटणार नाही, आणि सूर्याची वीज जसजशी तारांत वाढेल तसतशी हीच गाडी, काहीही न बदलता, अधिक निर्मळ होत जाईल, हा तिचा गुण मला निर्णायक वाटतो.

पावसाळ्याची चिंता राहते. उल्हास नदीकाठचे हेंद्रेपाडा, वालिवली हे भाग दरवर्षी धास्तीत असतात, आणि 27 जुलै 2019 रोजी बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस एक हजाराहून अधिक प्रवाशांसह पुरात अडकली होती हे आम्ही विसरलेलो नाही. बॅटरीची पेटी जलरोधक असते हे खरे. तरी पाणी साचलेल्या रस्त्यावर गाडी घालायची नाही, हा घरातला हुकूम आहे आणि तो सर्वांना लागू आहे.

आता एक विनंती. आमच्याजवळ फाटक आहे, पार्किंग आहे, मीटर आहे. कॅम्पातील बराकीत किंवा अंबरनाथच्या चाळीत राहणाऱ्या रिक्षावाल्यास विजेची रिक्षा घ्यायची झाल्यास तो ती रात्री कुठे लावणार? बदलापुरात नव्या इमारती झपाट्याने उठत आहेत. त्यांचे नकाशे मंजूर होतानाच पार्किंगमध्ये विजेच्या नळ्या आणि मीटरची जागा असावी, आणि नगरपालिकांनी स्टेशनाजवळच्या व बाजाराच्या रस्त्यांवर, वाजवी दरात, कोणालाही वापरता येतील असे चार्जिंगचे खांब उभे करावेत. आणि ज्या वाचकांच्या सोसायटीपुढे उद्या असा अर्ज येईल त्यांनी प्रश्न अवश्य विचारावेत, वायर, मीटर, अर्थिंग यांची खातरजमा करून घ्यावी, आणि ती झाल्यावर दाखला देण्यास विलंब करू नये.