ऐब सांगून विकलेला लॅपटॉप

थोरलीला कॉम्प्युटर सायन्सच्या पहिल्या वर्षाला प्रवेश मिळाला आणि घरात आनंदाबरोबर हिशेबही सुरू झाला. कॉलेजच्या प्रयोगशाळेत आठवड्यातून दोनदा कॉम्प्युटर मिळणार, बाकीचा सराव घरी करायचा. नवा लॅपटॉप चाळीस हजारांच्या घरात जात होता आणि आमच्याकडे भिशीचे वीस हजार होते. व्याजाच्या हप्त्यावर काही घ्यायचे नाही, हे आम्ही नवरा-बायकोने लग्न झाले त्याच वर्षी ठरवले आहे. तेव्हा जुनाच लॅपटॉप घ्यायचा, हे पक्के झाले. पण समोरचा सांगेल ती किंमत योग्य आहे की नाही, हे ओळखायचे कसे? भाजी हातात घेऊन पाहता येते. लॅपटॉप बाहेरून सगळे सारखेच चकचकीत दिसतात.

ऑगस्ट २०२५ मधल्या एका शनिवारी आम्ही तिघे मुंब्र्याहून लोकलने निघालो, दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो आणि लॅमिंग्टन रोडवर पोहोचलो. कॉम्प्युटरच्या सामानासाठी मुंबईत हीच पेठ. एका दुकानात काळा, स्वच्छ पुसलेला लॅपटॉप दाखवला. किंमत १३,५०० रुपये. ‘आय-फाइव्ह आहे, नव्यासारखा आहे,’ एवढेच वर्णन. आम्हाला किंमत आवडली. पाकिटाकडे हातही गेला होता.

पनवेलला आमचा भाचा कॉम्प्युटर दुरुस्तीचे काम करतो. त्याने निघताना फोनवर बजावले होते, ‘मामू, आय-फाइव्ह या नावावर जाऊ नका. त्याच्या पुढचा आकडा वाचा.’ थोरलीने तो वाचला : ७२००यू. सुरुवातीला सात, म्हणजे इंटेलची सातवी पिढी. ७२००यू मध्ये दोनच कोअर असतात. त्यानंतरच्या आठव्या पिढीतला ८२५०यू चार कोअरचा आहे. त्याहून मोठी गोष्ट अशी की मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ साठी जी प्रोसेसरची यादी दिली आहे, तिच्यात ७२००यू नाही. आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, म्हणजे दोनच महिन्यांत संपणार होता. दुकानदार म्हणाला, ‘विंडोज ११ मी टाकून देतो, काही होत नाही.’ भाच्याचे म्हणणे असे की टाकता येते, पण कंपनीची मान्यता नसते आणि पुढे अपडेट मिळतीलच याची हमी नसते.

बॅटरीचा अहवाल दाखवा म्हटले, तर त्याने टाळले. ‘दोन तास चालते’ म्हणाला. शेवटी थोरलीने विचारले, ‘हे सातव्या पिढीचे आहे, हे तुम्ही आधी का नाही सांगितले?’ तो शांतपणे म्हणाला, ‘तुम्ही विचारले नाही, म्हणून सांगितले नाही.’ आम्ही काही न घेता परतलो. ते वाक्य मात्र परतीच्या गाडीत मनात टोचत राहिले.

पुढच्या जुम्म्याला नमाजनंतर कळले की शेजारच्या इमारतीतला एक तरुण नोकरीसाठी कतारला निघाला आहे आणि त्याला लॅपटॉप विकायचा आहे. संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. सलाम-दुआ झाली, त्याच्या अम्मीने सरबत दिले. किंमत विचारली तर १८,००० म्हणाला. आम्ही काही बोलायच्या आत पुढे म्हणाला, ‘चाचा, आधी ऐब सांगतो. बॅटरी थकली आहे. डाव्या बाजूचे यूएसबी चालत नाही. बिजागरी एकदा दुरुस्त केली आहे. बाकी चांगला आहे, पण तुम्ही तपासूनच घ्या.’

थोरलीने भाच्याची यादी काढली. प्रोसेसर आठव्या पिढीचा निघाला, रॅम आठ जीबी. कमांडच्या खिडकीत बॅटरीच्या अहवालाचा आदेश देता येतो, तो तिने दिला. अहवालात दोन आकडे पाहायचे असतात : नवी असताना बॅटरीत किती वीज मावत होती आणि आता पूर्ण भरल्यावर किती मावते. पहिला आकडा ४८,००० होता, दुसरा २६,८८०. म्हणजे शंभरातले छप्पन उरले होते. डिस्कचे आरोग्य एका मोफत प्रोग्रामने पाहिले, ते ९१ टक्के दाखवले. पांढरा पडदा लावून स्क्रीनवर डाग आहेत का ते पाहिले. एकेक कळ दाबून पाहिली, कॅमेरा आणि वायफाय लावले, अर्धा तास व्हिडिओ चालू ठेवून तळ किती तापतो ते हाताने पाहिले. मग सुरुवातीची सेटिंग उघडली. कंपन्यांतून आलेल्या काही लॅपटॉपवर त्या कंपनीचे कुलूप राहिलेले असते आणि नव्या मालकाला ते उघडता येत नाही. तसे काही नव्हते. २०१९ चे मूळ बिल त्याने कपाटातून काढून दिले. बिलावरचा सिरियल नंबर आणि लॅपटॉपच्या तळाचा नंबर जुळला. चोरीची वस्तू अजाणता घरात येऊ नये, म्हणून हे शेवटचे तपासणे आम्हाला सगळ्यांत महत्त्वाचे वाटले.

‘उद्या सांगतो’ म्हणून घरी आलो. रात्री जेवणानंतर आम्हा दोघांत मतभेद झाला. एकाचे म्हणणे, ‘मुलगा आठ दिवसांत जाणार आहे. बॅटरी गेली, यूएसबी गेले, बिजागरी मोडलेली. बारा हजार सांगू, नाइलाजाने देईल.’ दुसऱ्याचे म्हणणे, ‘हे सगळे आपल्याला कळले कसे? त्यानेच सांगितले. गप्प बसला असता तर आपण अठरा दिलेही असते. खरे बोलल्याचा दंड आपण त्याच्याकडून वसूल करायचा?’ कोणाचे म्हणणे कोणते होते, ते घरातच राहू द्या. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग थोरलीने वही पुढे ओढली.

तिने मांडलेला हिशेब असा. अशाच पिढीचा, सगळे भाग नीट असलेला लॅपटॉप लॅमिंग्टन रोडवर आम्हाला १८,००० ला सांगितला गेला होता. नव्या बॅटरीला भाच्याच्या अंदाजाने ३,००० लागतील. तेव्हा याची रास्त किंमत १५,०००. बॅटरी धरून एकूण खर्च १८,०००. तिच्या अभ्यासक्रमाची तीन वर्षे तो चालला, तर वर्षाला ६,००० पडतात. दुकानातला १३,५०० चा होता. बॅटरी दाखवलीच नाही, म्हणजे ती बदलावी लागणार असे धरायचे. झाले १६,५००. भाचा म्हणाला होता, दोन वर्षे निघाली तरी पुष्कळ. वर्षाला ८,२५०. स्वस्त दिसलेला लॅपटॉप महाग होता.

सकाळी त्या तरुणाला हा हिशेब वहीसकट दाखवला. त्याने वाचला, हसला आणि म्हणाला, ‘चाची, मला वाटले होते तुम्ही दहा म्हणाल.’ १५,००० ला सौदा ठरला. जाताना त्याने चार्जरबरोबर स्वतःची बॅगही दिली.

गोष्ट इथे संपायला हवी होती, पण त्या दुकानदाराचे वाक्य आम्हाला सोडत नव्हते. ते आम्हीच एकदा बोललो होतो. दोन वर्षांपूर्वी आम्ही घरातला जुना कॉम्प्युटर मागच्या गल्लीतल्या एका कुटुंबाला ४,००० ला विकला होता. उन्हाळ्यात तो मध्येच बंद पडायचा. त्यांनी विचारले नाही, आम्ही सांगितले नाही. धान्याच्या ढिगाखाली ओले धान्य ठेवणाऱ्या व्यापाऱ्याची हदीस आमच्या मुलांना पाठ आहे. ती त्यांना आम्हीच शिकवली होती.

इतवारी त्यांच्याकडे गेलो. कसे बोलावे हेच सुचत नव्हते. शेवटी सरळ सांगितले. त्या बाई म्हणाल्या, ‘हो, घेतल्यावर महिन्याभरात बंद पडला. आत काहीतरी बदलून घेतले, आठशे लागले.’ आम्ही आठशे पुढे केले. त्या नको नको म्हणाल्या, मग आमचे तोंड पाहून ठेवून घेतले. चहा झाला. निघताना दारात म्हणाल्या, ‘तेव्हा सांगितले असते ना, तरी आम्ही घेतला असता. फक्त पोराला आधीच दुरुस्त करून दिला असता. त्याची परीक्षा होती.’

जिना उतरताना आम्ही दोघे गप्प होतो. आठशे रुपये परत झाले, पण त्या मुलाची ती परीक्षा परत होणार नव्हती.

आता लॅपटॉपला नवी बॅटरी बसली आहे. थोरली रात्री ईशानंतर त्यावर बसते. डाव्या बाजूचे यूएसबी अजून बंदच आहे. तिने त्यावर कागदाची छोटी पट्टी चिकटवून ‘चालत नाही’ असे लिहून ठेवले आहे. आम्ही विचारले, कशाला? म्हणाली, ‘आपण विकू तेव्हा विसरायला नको.’